वर्षातून एकदा फिरणारे कॉक

वर्षातून एकदाच चालणारा कोड हा कुठल्याही सिस्टिममधला सगळ्यात बेभरवशाचा कोड असतो. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की ऑफिसातले लोक आता माझ्याआधी ते पुरं करतात. रोज चालणारा कोड रोज कुणाला तरी टोचतो, त्यामुळे सुधारत जातो. मार्चअखेरीला एकदाच चालणारा प्रोग्राम मात्र अकरा महिने गप्प बसलेला असतो. बिघडतो तेव्हा थेट वर्मी लागतो, आणि तो लिहिणारा तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो.

आज मात्र कोडबद्दल लिहायचं नाहीये. आज लिहायचंय ते ट्रॅव्हल ट्रेलरच्या नळांबद्दल. हसू नका, शेवटी दोन्हीत फार फरक नाही हे तुम्हालाही पटेल.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. थंड प्रदेशात ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करणं हे काम लोक यादी पाठ करून, आठवून आठवून करतात. मला वाटतं हे ज्ञान डोक्यात किंवा कागदावर ठेवण्याची गोष्टच नाही. ते नळजोडणीतच बसवलं पाहिजे. एकदा दोन शनिवार-रविवार घालवून कॉक योग्य जागी आणा, नको त्या नळ्या काढून टाका, उतार नीट द्या. मग दरवर्षी हुशारी दाखवायची गरज उरत नाही.

आता थोडं मागून सांगतो, कारण पुण्या-मुंबईच्या वाचकांना हा प्रश्नच मुळात परका आहे. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं घर. आमचा २४ फुटी आहे. त्यात झोपायची जागा, स्वयंपाकाचा ओटा, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी, १२ व्होल्टवर चालणारा पंप आणि ६ गॅलनचा, म्हणजे साधारण २३ लिटरचा गीझर. थोडक्यात, वन-रूम-किचनला चाकं लावलेली. मे ते सप्टेंबर तलावाकाठी जाऊन राहायचं आणि ऑक्टोबरात घरामागे आणून उभा करायचा. आम्ही मिनेसोटात राहतो. इथे जानेवारीत उणे २५ सेल्सियस ही बातमी नसते, ते नुसतं हवामान असतं. घरात हीटर चालू असतो, ट्रेलरमध्ये नसतो. म्हणजे त्याच्या नळ्यांत जे पाणी राहील त्याचा बर्फ होणार, यात शंका नाही.

पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं, हे आपण शाळेत शिकलो. पण नळ्या नेमक्या कशा फुटतात ते शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. बर्फ जिथे धरतो तिथेच नळी फुटते असं नाही. नळीत मध्येच बर्फाचं बूच तयार होतं, ते वाढत जातं आणि पुढचं पाणी बंद नळाच्या दिशेने ढकलतं. त्या कोंडलेल्या पाण्याला जायला जागा नसते, दाब वाढत जातो आणि मग जो भाग कमकुवत असेल तो जातो. आजकाल ट्रेलरमध्ये पेक्सच्या नळ्या असतात. त्या थोड्या ताणल्या जातात, बऱ्याचदा वाचतातही. जातात ते प्लास्टिकचे एल्बो, पंपाचं डोकं, नळांच्या आतले भाग, आणि संडासाच्या मागचा पाण्याचा व्हॉल्व्ह. तो तर फार नाजूक.

बरं, फुटलं ते लगेच दिसतं का? नाही. जानेवारीत फुटलेला एल्बो बर्फाने स्वतःच बंद केलेला असतो. एप्रिलमध्ये तुम्ही पंप चालू करता तेव्हा भिंतीच्या आत पाणी झिरपू लागतं. ट्रेलरच्या भिंती आणि जमीन म्हणजे लाकडी पट्ट्या, प्लायवूड आणि वर चिकटवलेला पातळ थर. त्या पाणी पितात आणि कुजतात. ऑक्टोबरात काही राहून गेलं तर निकाल एप्रिलमध्ये, तोही भिंतीच्या आड. कोड लिहिल्यावर सहा महिन्यांनी कंपाइलरने एरर दाखवली तर कसं वाटेल? तसंच हे.

म्हणून ऑक्टोबरात विंटरायझिंग करायचं. पद्धत सगळीकडे साधारण सारखीच. टाकी रिकामी करा. गीझर गार होऊ द्या, त्याचा दाब सोडा, खालचं बूच काढून त्यातलं पाणी सोडा. गीझरला वळसा घालणारे व्हॉल्व्ह फिरवा, म्हणजे अँटिफ्रीझ त्यात जाणार नाही. सगळे नळ उघडा, सगळ्यात खालच्या दोन तोंडांतून गरम आणि गार नळ्यांचं पाणी जाऊ द्या. मग ती तोंडं बंद करा, पंपाला टाकीऐवजी गुलाबी अँटिफ्रीझच्या कॅनमधून ओढायला लावा आणि एकेक नळ उघडून गुलाबी पाणी येईपर्यंत सोडा. मोरीच्या जाळ्यांत थोडं थोडं ओता. झालं.

वाचायला सोपं आहे, करायला नाही. कारण ही सगळी ठिकाणं वर्षातून एकदाच लागतात, त्यामुळे बनवणाऱ्याने ती जिथे जागा उरली तिथे कोंबलेली असतात. आमच्या ट्रेलरमध्ये पंप पलंगाखाली, १२ स्क्रूंनी बसवलेल्या फळीमागे होता. गीझरचे तीन व्हॉल्व्ह ओट्याखाली, ड्रॉवर बाहेर काढून हात खांद्यापर्यंत आत घातल्यावर बोटांना लागायचे. दिसायचे नाहीत, नुसते लागायचे. खालची दोन तोंडं ट्रेलरच्या पोटाशी, पाठीवर झोपून सरपटत जावं तेव्हा सापडायची, आणि त्यांना कॉक नव्हते, आटे असलेल्या टोप्या होत्या. ओल्या चिखलात उताणं पडून टोपी फिरवायची आणि सुटली की गार पाणी थेट बाहीत. ऑक्टोबरात. मिनेसोटात.

यावर इथल्या लोकांचं उत्तर असतं ते यादी. प्रत्येकाकडे एक प्लास्टिकमध्ये घातलेला कागद असतो. १९ पायऱ्या, २२ पायऱ्या. काहींनी फोटोही लावलेत. मला यादीबद्दल आदर आहे, विमानं यादीवरच उडतात. पण वैमानिक ती यादी रोज वाचतो आणि त्याचे सगळे खटके डोळ्यांसमोर असतात. वर्षातून एकदा, अंधारात, ड्रॉवरमागे हात घालून वाचायची यादी वेगळी. यादी लांब होत चालली की मी तिच्याकडे रचनेबद्दलची तक्रार म्हणून बघतो. आम्ही कोडमध्ये हेच करतो ना! फंक्शन वापरायला अवघड झालं की त्याच्यावर लांबलचक कॉमेंट लिहितो. कॉमेंटऐवजी फंक्शन सुधारावं, हे सांगायला कुणीतरी यावं लागतं.

तर मी काय केलं ते सांगतो. यात माझं संशोधन काही नाही, सुटे भाग सगळे दुकानात मिळतात. सांगण्यासारखं आहे ते त्यामागचं कारण.

पहिली गोष्ट पंपाची. पंपाच्या तोंडाशी एक तीन वाटांचा कॉक बसवला. कॉक एका बाजूला केला की पंप टाकीतून ओढतो, दुसऱ्या बाजूला केला की एका पारदर्शक नळीतून, जिचं टोक अँटिफ्रीझच्या कॅनमध्ये सोडायचं. हा कॉक अनेक नव्या ट्रेलरमध्ये कारखान्यातूनच येतो, आमच्यात नव्हता. पण खरं काम कॉक बसवण्याचं नव्हतं, ती १२ स्क्रूंची फळी घालवण्याचं होतं. तिच्या जागी बिजागरीचं दार आणि लोहचुंबकाची खिटी लावली. खर्च नगण्य. पण सगळ्या बदलांत जास्तीत जास्त वेळ वाचवला तो या दाराने. शिवाय आता पंपासमोरची जाळी उन्हाळ्यातही साफ होते, कारण दिसते.

दुसरी गोष्ट गीझरची. इथे जरा हिशेब करू. तीन व्हॉल्व्ह, प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणजे एकूण आठ जुळण्या. त्यांतल्या बरोबर फक्त दोन: एक उन्हाळ्याची, एक हिवाळ्याची. उरलेल्या सहांपैकी एकही तुम्हाला अडवत नाही, आवाज करत नाही. तिन्ही उघडे राहिले तर उन्हाळ्यात गार पाणी गरम पाण्यात मिसळतं आणि अंघोळ कोमट होते. हिवाळ्यात तेच झालं तर ६ गॅलन अँटिफ्रीझ रिकाम्या गीझरच्या पोटात जातं आणि नळाला गुलाबी पाणी येतच नाही. एका व्हॉल्व्हचीही जोडणी मिळते, तिच्यात दोनच अवस्था. पण तिच्यात गरम बाजूला एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो, आणि तो आत अडकला तर बाहेरून कळत नाही. बाहेर दोन अवस्था दाखवून तिसरी आत लपवणारी ही रचना मला नको होती.

मी मधला मार्ग घेतला: तीन वाटांचे दोन कॉक, एक गार बाजूला, एक गरम बाजूला. चार जुळण्या, दोन बरोबर. आणि दोन्ही कॉक असे फिरवून बसवले की उन्हाळ्यात दोन्ही दांडे वर, हिवाळ्यात दोन्ही खाली. एक वर आणि एक खाली दिसला की काहीतरी चुकलंय हे पाच वर्षांच्या पोरालाही कळेल. शिवाय नळ्या थोड्या लांबवून ते ड्रॉवरमागून काढून ओट्याखालच्या दाराशी आणले. शेजारी पट्टी चिकटवली: उन्हाळा, हिवाळा. (खाली इंग्रजीतही लिहिलंय. ट्रेलर कधीतरी विकायचाय.)

तिसरी गोष्ट खालच्या तोंडांची, आणि हा माझा आवडता भाग आहे. आपल्याकडे गवंडी मोरी बांधतो तेव्हा शेवटी काय करतो? बादलीभर पाणी ओततो आणि उभा राहून बघतो. पाणी कुठे साचलं तर फरशी उचलून पुन्हा बसवतो. मोरीला उतार असला की ती स्वतःची स्वतः कोरडी होते, रोज कुणी पुसत नाही. ट्रेलरच्या नळ्यांना हा उतार कुणी दिलेला नसतो. नळ्या चिमट्यांच्या मधे लोंबतात, चाकाच्या कमानीवरून चढतात-उतरतात, आणि प्रत्येक लोंबत्या जागी थोडं पाणी राहतं. मी चिमटे वाढवले, नळ्या ताठ केल्या आणि जमेल तितका उतार मागच्या बाजूला दिला. तिथे आतल्या कपाटात, जमिनीलगत, गरम-गार नळ्यांना पाव फेरीचे दोन बॉल व्हॉल्व्ह लावले, तांबडा आणि निळा. त्यांचं पाणी जमिनीतल्या भोकातून खाली जातं. आता ट्रेलरचा पुढचा जॅक चार-पाच इंच वर उचलायचा, सगळे नळ उघडायचे, आतूनच दोन दांडे फिरवायचे. संपूर्ण ट्रेलरच मोरी होतो.

नळ उघडायचे हे विसरायचं नाही. स्ट्रॉच्या वरच्या टोकाला बोट लावलं की खालून सरबत पडत नाही, तसंच इथे. वरून हवा आत आली तरच खालून पाणी जातं. आणि बॉल व्हॉल्व्हची एक खोड माहीत असलेली बरी: तो बंद असताना त्याच्या आतल्या गोळ्याच्या पोटात थोडं पाणी अडकून राहतं, आणि त्याचा बर्फ झाला तर व्हॉल्व्हच तडकतो. म्हणून सगळं झाल्यावर हे दोन दांडे अर्धवट, ४५ अंशात उघडे ठेवायचे.

चौथी गोष्ट वजाबाकीची. आमच्या ट्रेलरला बाहेरच्या बाजूला एक शॉवर होता, वाळूचे पाय धुवायला. आम्ही तो वापरत नव्हतो. एक बादली आणि तांब्या पुरतो, मराठी माणसाला शॉवर कशाला. पण तो होता, म्हणजे त्याच्यापर्यंत जाणाऱ्या दोन नळ्या होत्या, आणि हिवाळ्यात हमखास विसरली जाणारी जागा तीच. तो काढून टाकला. काढताना मात्र नळी शॉवरपाशी बंद केली नाही. मागे जाऊन, जिथून फाटा फुटत होता त्या टी-पाशीच फाटा काढून नळी सरळ जोडली. नाहीतर दोन फुटांची आंधळी नळी मागे राहते, जिच्यातून पाणी वाहत नाही पण जिच्यात पाणी असतं. न वापरला जाणारा कोड असाच काढायचा असतो, नुसता मेनूमधून लपवायचा नसतो.

पाचवी गोष्ट कॅम्पग्राउंडच्या नळाला होज जोडायच्या तोंडाची. तिथेही आत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो. पंप अँटिफ्रीझ सगळीकडे नेतो, पण या व्हॉल्व्हच्या पुढच्या टोकाशी थोडं पाणी राहतं. उपाय साधा आहे: पंप बंद, एक नळ उघडून दाब सोडायचा, मग बाहेरची जाळी काढून आतली छोटी पिन दाबायची, म्हणजे पाणी गेलं की मागून गुलाबी येतं. इथे काही बदललं नाही. फक्त तोंडाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक गुलाबी ठिपका रंगवला. जिथे जिथे गुलाबी दिसलंच पाहिजे तिथे तिथे ठिपका: असे आठ आहेत. आठ ठिपके बघितले की काम झालं. हीच आमची यादी.

हे सगळं केल्यावर आमचं विंटरायझिंग तीन तासांवरून चाळीस मिनिटांवर आलं आणि अँटिफ्रीझ लागतं दोन गॅलन. पण वेळ वाचला म्हणून मी हे लिहीत नाहीये. वर्षातून अडीच तास वाचवायला दोन वीकएंड घालणं हा हिशेब कुणाही मॅनेजरला पटणार नाही, मलाही पटत नाही.

खरं कारण वेगळं आहे. २०२२च्या ऑक्टोबरात आईला साताऱ्यात हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं आणि मी दोन दिवसांत निघालो. ट्रेलर टाकीत पाण्यासकट घरामागे उभा. त्याच आठवड्यात इथे रात्री पारा शून्याखाली जाणार असा अंदाज आला. बायकोने तोवर हे काम कधी केलं नव्हतं, मी ट्रेलरखाली असायचो आणि ती मुलांना सांभाळायची. साताऱ्यात आणि मिनेसोटात तेव्हा साडेदहा तासांचा फरक. तिची संध्याकाळ म्हणजे माझी पहाट, आणि मी आयसीयूबाहेरच्या बाकावर, फोन सायलेंटवर. तिने मला विचारलंच नाही. दार उघडलं, दोन दांडे खाली केले, जॅक उचलला, नळ उघडले, आठ ठिपके मोजले. सकाळी फोन बघितला तर एकच ओळ: "ट्रेलर झाला. आई कशा आहेत?"

माझ्या दृष्टीने या सगळ्या नळ-कामाची किंमत त्या दिवशी वसूल झाली. ज्याला एखादं काम येतं तो माणूस जागेवर असेलच, या गृहीतावर किती गोष्टी उभ्या असतात बघा. ऑफिसात आम्ही गमतीने विचारतो, अमुक माणूस उद्या बसखाली आला तर काय? माणूस बसखालीच यायला पाहिजे असं नाही. त्याची आई आजारी पडली तरी पुरतं.

आमच्या शेजारच्या आजोबांचं उदाहरण याच्याच जवळचं. सत्तरी ओलांडलेले, चाळीस वर्षं कॅम्पिंग केलेले. गाडी उत्तम चालवतात, ट्रेलर मागे घेताना मला लाजवतात. त्यांनी ट्रेलर विकला, कारण गुडघे बदलल्यावर दरवर्षी खाली सरपटणं जमेना आणि दरवेळी कुणाला बोलवायचं हे त्यांना आवडेना. म्हणजे उन्हाळ्याचे पाच महिने त्यांच्या हातातून गेले ते दोन टोप्यांच्या जागेमुळे. रचना करणारा जेव्हा एखादा कॉक कुठेही ठेवतो तेव्हा हे यंत्र कुणी वापरायचं आणि कुणी नाही हे तो नकळत ठरवत असतो.

आता आक्षेप. तीन-चार ठराविक आहेत आणि त्यांतला एक तरी अगदी खरा आहे.

"कॉम्प्रेसर लाव, हवा मार, दहा मिनिटांत मोकळा." बरेच लोक करतात. दाब ४० पीएसआयच्या आसपास किंवा त्याखाली ठेवला तर पद्धत चांगली आहे, पुढच्या वर्षी नळ्या धुवायला अँटिफ्रीझही नसतं. पण हवेला सोपी वाट मिळाली की ती लोंबत्या जागेतल्या पाण्यावरून निघून जाते. पंपाच्या डोक्यात आणि मोरीच्या वाकड्या नळीत पाणी राहतं, तिथे गुलाबी लागतंच. आणि हवा गेली की नाही हे दिसत नाही, गुलाबी दिसतं. मला दिसणारा पुरावा आवडतो. अर्थात ज्यांना हवाच मारायची आहे त्यांनाही उतार, दार आणि दांडे हे सगळं उपयोगीच आहे.

"डीलरकडे ने, पैसे दे." जरूर. पण ऑक्टोबरात सगळेच एकाच आठवड्यात नेतात. आणि मग एखादा सुंदर शनिवार आला की त्याला नकार द्यावा लागतो, कारण पुन्हा बंद करायचे पैसे कोण भरणार! काम सोपं असलं की पानगळीत आणखी एक फेरी होते. इथली पानगळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना याची किंमत सांगायला नको.

"नवे जोड म्हणजे नव्या गळत्या." हा खरा आक्षेप आहे आणि याला पूर्ण उत्तर नाही. मी अकरा जोड वाढवले आणि शॉवर काढून चार कमी केले, म्हणजे निव्वळ सात वाढले. म्हणून दोन पथ्यं पाळली. एक, कुठलाही नवा जोड भिंतीच्या आड नाही, सगळे दार उघडून दिसतील असे. दोन, रात्रभर सगळे नळ बंद करून पंप चालू ठेवला. काही न वापरता पंप मधेच गुरगुरला तर कुठेतरी दाब उतरतोय, म्हणजे गळतंय. ही चाचणी फुकट आहे आणि खोटं बोलत नाही. भाग मात्र पिण्याच्या पाण्याचेच घ्यावेत. पितळी भागांत शिश्याचं प्रमाण किती चालतं याचा अमेरिकेतला नियम जानेवारी २०१४ पासून कडक झालाय. जुन्या डब्यात पडलेला पितळी कॉक उचलून लावू नये.

आणि अँटिफ्रीझही आरव्हीचंच, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीच्या रेडिएटरमधलं सहसा एथिलीन ग्लायकॉल असतं आणि ते विष आहे, पिण्याच्या नळीच्या आसपासही नको. कॅनवर उणे ५० फॅरनहाइट लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तोवर गोठणार नाही असा नाही. ते बरंच आधी मऊ गोळ्यासारखं होतं, फक्त नळी फुटेल इतकं घट्ट होत नाही. नळ्यांत राहिलेल्या पाण्याने ते पातळ झालं की हा आकडाही गेला. म्हणून आधी उतार, मग गुलाबी.

शेवटचा आक्षेप माझ्याच जातभाईंचा: "एवढं केलंस तर मोटरचे व्हॉल्व्ह लाव, एक छोटा कंट्रोलर लाव, फोनवर बटण दे." नको रे बाबा. ऑक्टोबरात एकदा फिरणारी मोटर उरलेले अकरा महिने गंजत बसणार. वर्षातून एकदा चालणारा कोड बेभरवशाचा म्हणून सुरुवात केली, आणि त्यावर उपाय म्हणून वर्षातून एकदा चालणारा खराखुरा कोडच लिहायचा? दांडा वर की खाली हे डोळ्यांना दिसतं, त्याला बॅटरी लागत नाही, अपडेट येत नाही. गुरुत्वाकर्षणाची तर आवृत्तीही बदलत नाही :)

२००३ साली जॉर्ज कॅन्डिया आणि अरमांडो फॉक्स यांनी 'क्रॅश-ओन्ली सॉफ्टवेअर' नावाचा एक छोटा निबंध लिहिला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं: प्रोग्राम कधीतरी अचानक बंद पडणारच आहे, त्यातून त्याला सावरता आलंच पाहिजे. मग नीट बंद करण्याचा आणखी एक वेगळा मार्ग कशाला ठेवायचा? पाण्याच्या नळ्यांना हे शंभर टक्के लागू करता येत नाही, पण दिशा तीच हवी. थंडी अचानक आली, माणूस घरी नाही, तर निदान दोन दांडे फिरवून बहुतेक पाणी आपोआप निघून जावं. उरलेलं गुलाबी काम सवडीने.

मला नवल वाटतं ते एका गोष्टीचं. अमेरिकेतले बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावात आणि त्याच्या आजूबाजूला बनतात. हे काही फ्लोरिडा नव्हे. तिथेही हिवाळ्यात बर्फ पडतो, तिथल्या कामगारांच्याही घरामागे ट्रेलर उभे असतात. म्हणजे प्रश्न बनवणाऱ्याला माहीत नाही असं नाही. पण शोरूममध्ये जून महिन्यात ट्रेलर बघणारं जोडपं पलंगाची गादी दाबून बघतं, टीव्ही केवढा ते बघतं. खालची तोंडं कुठे आहेत हे कुणी विचारत नाही. जे विचारलं जात नाही ते बनत नाही. सॉफ्टवेअर विकत घेणारेही डेमोत 'सुरू करून दाखवा' म्हणतात; 'बंद करून दाखवा', 'आमचा डेटा बाहेर काढून दाखवा' असं म्हणणारा विरळाच.

तेव्हा ट्रेलर घ्यायचा विचार असेल तर माझा सल्ला एवढाच. विक्रेत्याला सांगा, गीझरचे व्हॉल्व्ह दाखव, पंप दाखव, पाणी सोडायची तोंडं दाखव, आणि प्रत्येकाला मला माझ्या हाताने, उभ्याने किंवा फार तर गुडघ्यावर बसून हात लावू दे. त्याला पाच मिनिटांत दाखवता आलं नाही तर किंमत थोडी पाडून घ्या आणि वाचलेल्या पैशांत बिजागऱ्या, दोन-तीन कॉक आणि गुलाबी रंगाची एक छोटी बाटली आणा. घरात जो सगळ्यात कमी वेळा ट्रेलरखाली गेलाय त्याला हे काम एकदा, तुम्ही न बोलता, करायला सांगा. तो जिथे थांबून तुमच्याकडे बघेल तिथे पुढचा बदल करायचा आहे.